काकडी, काच आणि घोड्याची लीद

रोमचा सम्राट तिबेरियस याला काकडीचं वेड होतं. वेड म्हणजे साधंसुधं नाही, रोज ताटात काकडी हवीच. उन्हाळा असो की हिवाळा. हा माणूस इ.स. १४ ते ३७ गादीवर होता आणि त्या काळात जानेवारीत रोममध्ये काकडी पिकवायची म्हणजे माळ्यांच्या तोंडचं पाणीच पळालं असणार. पण सम्राटाला "आत्ता सीझन नाही साहेब" असं कोण सांगणार? त्यांनी एक युक्ती काढली, आणि ती थोरल्या प्लिनीने आपल्या 'नॅचरल हिस्टरी'च्या १९व्या भागात नोंदवून ठेवली आहे म्हणून आपल्याला कळते.

युक्ती अशी. काकडीचे वाफे जमिनीत न करता चाकांवर करायचे. दिवसा ऊन पडलं की माळी ते ढकलत उन्हात आणणार, आणि थंडी वाढली की परत आत, पारदर्शक छपराखाली. छपराला काच नव्हती बरं का. एक प्रकारच्या जिप्समचे पातळ पापुद्रे निघतात, ज्यांतून उजेड आरपार जातो, ते चौकटीत बसवलेले असायचे. स्पेनमधल्या सेगोब्रिगाजवळचा हा दगड सगळ्यात भारी मानत. (आणि ती काकडीसुद्धा आपली आजची काकडी नसावी असं काही अभ्यासक म्हणतात. खरबुजाच्या कुळातलं, लांबट, आपल्याकडच्या वाळकाच्या जवळपासचं काहीतरी. पण सम्राटाचं वेड वाळकाचं होतं असं म्हटलं तर त्यात मजा राहत नाही. असो.)

तर मंडळी, विषय आहे गादीवाफा आणि ग्रीनहाऊस या जोडीचा. गादीवाफा म्हणजे जमिनीपासून उंच केलेला वाफा, ज्याला हल्ली 'रेज्ड बेड' म्हणतात आणि चार फळ्या ठोकून तयार सेट म्हणून विकतात. ग्रीनहाऊस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काच येते, फार तर प्लॅस्टिक. पण या जोडीचा इतिहास वाचायला लागलं की वाटतं, आपण भलत्याच पार्टनरला क्रेडिट देतोय. काच हे झाकण आहे. पातेल्यावर कितीही घट्ट झाकण ठेवलं तरी खाली जाळ नसेल तर भात शिजत नाही. दिवसा ऊन आत येतं ते ठीक, पण युरोपातल्या डिसेंबरात ऊन म्हणजे चार-सहा तासांचा पाहुणा. सोळा तासांच्या रात्रीत नुसत्या काचेच्या भरवशावर राहिलं तर सकाळी रोपं काळी पडलेली दिसणार. ऊब कुठून तरी यायला हवी, आणि कित्येक शतकं ती वाफ्यातून आली.

याचं एक झकास उदाहरण कोरियातलं. राजवैद्य असलेल्या जॉन सुन-उई याने १४५०च्या दशकात 'सान्गा योरोक' नावाचा ग्रंथ लिहिला. पुढे तो विस्मरणात गेला आणि २००१ साली पुन्हा सापडला. हिवाळ्यात भाज्या कशा पिकवाव्यात याची त्यात सरळ बांधकामाची रेसिपीच आहे. तीन बाजूंना मातीच्या भिंती. दक्षिणेकडून तेल लावलेल्या कागदाची तावदानं. जमिनीखाली ओंडोल, म्हणजे चुलीचा गरम धूर फरशीखालून फिरवायची कोरियन घरांतली पद्धत. आणि त्या फरशीवर साधारण ४५ सेंटिमीटर मातीचा थर देऊन त्यात भाजी. शिवाय मोठ्या भांड्यात पाणी उकळून त्याची वाफ आत सोडायची, म्हणजे हवा कोरडी पडत नाही. उंच वाफा, खालून ऊब, वरून उजेड, हवेत ओल. काच अजिबात नाही, आणि तरी हे ग्रीनहाऊसच. तो दीड फुटाचा आकडा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

पण या जोडीचा खरा सुवर्णकाळ बघायचा तर पॅरिसला जायला हवं.

सुरुवात राजाच्याच बागेत. चौदाव्या लुईच्या हुकमावरून झां-बाप्तिस्त द ला कँतिनी याने १६७८ ते १६८३ या काळात व्हर्सायला राजवाड्याची भाजीबाग उभी केली. जागा मिळाली ती दलदलीची. लोक तिला 'घाण वासाचं तळं' म्हणायचे. (राजाच्या प्रोजेक्टवरसुद्धा साइट असलीच मिळते हे वाचून बरं वाटलं.) भराव टाकूनही पाणी तुंबायचं, तेव्हा त्याने वाफे मधे उंच, दोन्ही बाजूंना उतरते असे केले. आणि हिवाळ्यासाठी घोड्याच्या ताज्या लिदीचे ढीग रचून त्यांवर माती आणि मातीवर काचेच्या घंटा ठेवल्या. डिसेंबरात राजाच्या ताटात ॲस्परॅगस पडू लागला. आता व्हर्सायच्या तबेल्यांत लिदीला काय तोटा!

पुढच्या दीडशे वर्षांत ही राजेशाही चैन पॅरिसमधल्या साध्या भाजीवाल्या माळ्यांनी उचलली आणि तिचा अक्षरशः उद्योग केला. या माळ्यांना 'मारेशे' म्हणत. मारे म्हणजे दलदल. नदीकाठच्या पाणथळीत भाजी करणारे ते मारेशे. त्यांच्यातल्याच मोरो आणि दाव्हेर्न या दोघांनी १८४५ साली आपल्या धंद्याचं सविस्तर पुस्तक छापलं. जे पिढ्यान्‌पिढ्या बाप मुलाला तोंडी सांगत आला ते पहिल्यांदा इतकं नीट कागदावर आलं. त्या सुमारास शहरात असे साधारण १८०० मळे होते आणि त्यांच्याखाली १४०० हेक्टरच्या आसपास जमीन होती.

आता त्यांचा वाफा कसा असायचा ते बघू, कारण सगळी मेख त्यात आहे.

तबेल्यातून पेंढ्यासकट ताजी लीद आणायची. जुनी, थंड झालेली लीद थोडी मिसळायची, म्हणजे एकदम भडका उडत नाही. पाणी मारून, तुडवून, दीड-दोन फुटांची सपाट गादी रचायची. दोन-चार दिवसांत आतले जिवाणू कामाला लागतात आणि गादीचं तापमान ६०-७० अंशांवर जातं. या वेळी कुणी घाईने बी पेरलं तर ते उकडून निघतं. म्हणून थांबायचं. तो पहिला उमाळा ओसरला की गादी कोमट होऊन स्थिरावते आणि काही आठवडे तशीच राहते. मग तिच्यावर वीतभर काळी भुसभुशीत माती पसरायची. ही माती म्हणजे आदल्या वर्षीची पूर्ण कुजलेली गादीच. तिच्यावर लाकडी चौकटी आणि चौकटींवर काचेची झाकणं. रात्री झाकणांवर पेंढ्याच्या चटया. महिन्या-दोन महिन्यांनी गादी थंड पडायला लागली, की दोन चौकटींमधल्या वाटेत ताजी लीद ठासून भरायची. बाजूने पुन्हा ऊब सुरू. बॅटरी न काढता चार्जिंग, म्हणा ना.

शिवाय एक गोष्ट या लोकांना माहीत नव्हती पण फायदा मात्र त्यांना मिळत होता. कुजताना लिदीतून कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो झाकणाखाली साठतो. आज हॉलंडमधल्या हायटेक ग्रीनहाऊसेसमध्ये हाच वायू मुद्दाम पाइपने सोडतात, कारण झाडं त्यावर जोमाने वाढतात. अर्थात लिदीतून अमोनियाही निघतो आणि तो रोपं जाळतो. म्हणून मारेशे दिवसातून झाकणं किती आणि कधी उचलायची याबाबत फार काटेकोर असायचा. घंटेच्या कडेखाली टेकू द्यायला खाचा पाडलेली लाकडी काठी असे. पहिली खाच म्हणजे इतकी हवा, दुसरी म्हणजे अजून थोडी. ढग आला की खाली, ऊन आलं की वर. हजारो घंटा, रोज, हाताने.

एका गादीवर एकच पीक घेणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने उधळपट्टी. मुळा आणि गाजर एकत्र पेरायचं आणि त्यातच लेट्यूसची रोपं लावायची. मुळा आधी निघून जातो, मग लेट्यूस, तोवर गाजराला जागा झालेली असते. गाजर निघता निघता फ्लॉवरची रोपं आत. इस्राएलमधले शास्त्रज्ञ जेराल्ड स्टॅनहिल यांनी १९७७ साली या सगळ्याचा हिशेब मांडला. पॅरिसच्या क्षेत्रफळाचा साधारण सहावा भाग या मळ्यांखाली, त्यातून वर्षाला एक लाख टनांहून जास्त सॅलडच्या भाज्या, आणि हे सगळं चालायचं शहरातल्या घोड्यांच्या वर्षाला सुमारे दहा लाख टन खतावर. दहा लाख टन! आज आपली शहरं आपल्या ओल्या कचऱ्याचं काय करायचं म्हणून डोक्याला हात लावून बसली आहेत, आणि तिथे शहराची घाण सकाळी गाडीतून मळ्यात जायची आणि भाजी होऊन परत यायची.

या मळ्यांनी एक अराजकतावादी विचारवंतही भारावून गेला होता. पीटर क्रोपोत्किन. त्याने 'फील्ड्स, फॅक्टरीज अँड वर्कशॉप्स'मध्ये पोन्स नावाच्या मारेशेचा हिशेब दिला आहे. मळा २.७ एकर, माणसं आठ, आणि वर्षाला इतर भाज्यांखेरीज सॅलडचे १,५४,००० गड्डे. क्रोपोत्किनला यात भुकेवरचा उपाय दिसला. पण मला त्यातली दोन वाक्यं जास्त इंटरेस्टिंग वाटली. एक, या मळ्यांत दरवर्षी इतकी नवी माती तयार व्हायची की ती विकावी लागे, नाहीतर मळा दरवर्षी थोडा थोडा वर चढत जाई. म्हणजे यांचा वाफा मुद्दाम उंच करावा लागत नव्हता, तो आपोआप उंच होत होता. आणि दुसरं, भाडेकरारात अट असे की मळा सोडताना मारेशे आपण तयार केलेली माती ठराविक खोलीपर्यंत खरवडून बरोबर नेऊ शकतो.

विचार करा. घर सोडताना आपण फार तर गीझर आणि पंखे काढून नेतो. हा माणूस जमीन घेऊन जायचा! काच, चौकटी हे तर सामान झालंच, पण खरी मालमत्ता ती काळी माती. मालकाची ती जमीन, माझी ती माती.

आता हे सगळं वाचून 'किती सस्टेनेबल' म्हणून उसासा टाकायच्या आधी त्याच पोन्सच्या मळ्यातला आणखी एक आकडा. ते आठ जण रोज १२ ते १५ तास राबायचे. पहाटे भाजी बाजारात, दिवसभर झाकणं आणि झारी, संध्याकाळी चटया अंथरणं. क्रोपोत्किन स्वतःही हे लपवत नाही. पण मारेशेच्या मुलाबाळांना यातून सुटायची घाई झाली असेल तर नवल नाही.

योगायोग बघा, मोरो-दाव्हेर्नचं पुस्तक आलं त्याच १८४५ साली इंग्लंडने काचेवरचा कर रद्द केला. काच स्वस्त झाली, आणि तिकडे ग्रीनहाऊसने वेगळाच रस्ता धरला. कोळशाचा बॉयलर, गरम पाण्याचे पाइप, लोखंडी सांगाडा. ऊब आता वाफ्यातून येईना, पाइपातून येऊ लागली. वाफा नुसता माती ठेवायची जागा झाला. इंजिनिअर म्हणून बघितलं तर हे डिझाइन जास्त क्लीन आहे, वाद नाही. लिदीच्या मूडवर अवलंबून राहायला नको, व्हॉल्व्ह फिरवला की झालं. फक्त त्यात शहराचा उकिरडा आणि शहराचं ताट यांच्यामधला दुवा तुटला.

पॅरिसमध्ये तो दुवा वेगळ्या कारणाने तुटला. ओस्मानने १८५३पासून शहर पाडून नव्याने बांधायला घेतलं तेव्हापासून मारेशे बाहेर ढकलले जातच होते. मग रेल्वेने दक्षिणेकडची भाजी दोन दिवसांत पॅरिसात यायला लागली. आणि शेवटी घोडेच गेले. जानेवारी १९१३मध्ये पॅरिसची शेवटची घोड्यांची ऑम्निबस धावली. मोटारीच्या मागून जे काही निघतं त्यावर लेट्यूस उगवत नाही. पुढच्या काही दशकांत लीद दुर्मिळ झाली, महाग झाली, आणि तिच्याबरोबर गरम गाद्या थंडावल्या. वाहतुकीचं तंत्र बदललं आणि त्यात भाजीचं एक अख्खं तंत्र मेलं, हे त्या वेळी मोटार विकत घेणाऱ्या कुणाच्या डोक्यातही आलं नसेल.

इंग्लंडमध्ये १९०५नंतर काही वर्षं या 'फ्रेंच गार्डनिंग'ची जोरदार लाट आली होती. साबणाच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या जोसेफ फेल्स याने एसेक्समधल्या मेलँडला छोट्या शेतकऱ्यांसाठी वसाहत काढली, तिथे काम बघणाऱ्या थॉमस स्मिथने १९०९मध्ये पुस्तकही लिहिलं. पण लाट टिकली नाही. घंटा विकत आणता येतात, हात नाही आणता येत. पाठोपाठ महायुद्ध.

मग गोष्ट उडी मारते थेट कॅलिफोर्नियात. १९६७ साली ॲलन चॅडविक नावाचा इंग्रज माळी सांताक्रूझच्या विद्यापीठात आला आणि एका उतारावर त्याने विद्यार्थ्यांना घेऊन बाग सुरू केली. तो आपल्या पद्धतीचं नातं याच पॅरिसच्या माळ्यांशी सांगायचा. दोन कुदळी खोल खणलेले, कंपोस्ट घातलेले, मधे उंच वाफे. तिथून स्फूर्ती घेऊन जॉन जेव्हन्सने १९७४ साली 'हाऊ टू ग्रो मोअर व्हेजिटेबल्स' लिहिलं आणि रेज्ड बेड जगभर पोचला. आज नर्सरीत फळ्यांचा सेट विकला जातो त्याची वंशावळ थोडीफार इथून जाते. पण कॅलिफोर्नियात काचेची गरज काय? त्यामुळे प्रवासात जोडीतला एक जोडीदार गळला. वाफा आला, छप्पर मागे राहिलं.

छप्पर परत आलं ते बर्फाच्या मुलखात. अमेरिकेत मेन राज्यात एलियट कोलमन हिवाळाभर भाजी पिकवतो, तीही बहुतेक विनाहीटर. साध्या वाफ्यावर हातभर उंचीवर पातळ कापड, आणि त्या सगळ्यावर प्लॅस्टिकचं ग्रीनहाऊस. स्वेटरवर जाकीट. त्याच्या हिशेबाने प्रत्येक थर म्हणजे बाग सुमारे ५०० मैल दक्षिणेला सरकवल्यासारखं. पण माझ्या मते त्याची खरी अक्कल दुसऱ्या गोष्टीत आहे. त्याची काही ग्रीनहाऊसेस सरकतात. एका जागचं पीक झालं की सांगाडा ओढून शेजारच्या वाफ्यांवर न्यायचा, आणि आधीचे वाफे उघडे, पावसात, बर्फात, वाऱ्यात. तिबेरियसचे माळी वाफा हलवायचे, कोलमन घर हलवतो. मारेशे घंटा आणि चौकटी हलवायचे. तिघांनीही वाफा आणि काच यांना कायमचं बांधून घातलं नाही. आमच्या धंद्यात याला 'लूजली कपल्ड' म्हणतात :)

हे हलवणं शौकापायी नाही. सतत झाकलेल्या मातीवर पाऊस पडत नाही. खताचे क्षार धुऊन खाली जात नाहीत, वर साचत राहतात. मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी बारा महिने एकाच उबेत सुखाने नांदतात. गादीवाफा आणि ग्रीनहाऊस यांचा संसार छान चालतो, फक्त वाफ्याला अधूनमधून माहेरी पाठवावं लागतं.

आणि इथे आपला महाराष्ट्र येतो. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या एमरी एमर्टने १९४८ साली काचेऐवजी प्लॅस्टिकची फिल्म वापरून पाहिली, पुढे तिच्या जागी पॉलिथिन आलं, आणि त्यातलं 'पॉलि' आपल्या पॉलिहाऊसमध्ये आलं. पुण्याहून मुंबईला जाताना तळेगाव-मावळच्या बाजूला पांढरी छपरं दिसतात, त्यांखाली गुलाब आणि जरबेरा असतो. फेब्रुवारीत लाल गुलाब, लग्नसराईत स्टेजवरचा जरबेरा. आपल्याकडे ऊब हा प्रश्नच नाही. उलट छपराला वरून वाट ठेवून गरम हवा बाहेर काढावी लागते. इथे छप्पर आहे ते पाऊस आणि कडक ऊन अडवायला. आणि गादीवाफा आहे तो पाण्याचा निचरा व्हावा म्हणून, कारण जरबेऱ्याच्या बुंध्याशी पाणी थांबलं की तो कुजलाच. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून बाहेरून ट्रकने लाल माती आणतात, त्यात शेणखत आणि भाताचं तूस मिसळतात, आणि वाफे रचतात. उंची किती? दीड फूट. कोरियातल्या राजवैद्याच्या मापाइतकीच.

पण आपलं पॉलिहाऊस हलत नाही. जीआय पाइपांचे खांब काँक्रीटमध्ये पक्के गाडलेले, बँकेचं कर्जही तितकंच पक्कं. ठिबकमधून रोज थोडं थोडं खत जातं, पाऊस आत येत नाही, आणि काही वर्षांत माती क्षारांनी आणि सूत्रकृमींनी भरून जाते. मग फॉर्मॅलिन ओतून निर्जंतुक करा, भरपूर पाणी सोडून क्षार धुवा, किंवा मातीचा नादच सोडून कोकोपीटच्या कुंड्यांवर जा. नाहीतर शेवटचा उपाय म्हणजे सगळे गादीवाफे फोडायचे, माती बाहेर काढायची आणि पुन्हा लाल मातीचे ट्रक मागवायचे. पॅरिसचा मारेशे मळा सोडताना माती आपल्याबरोबर घेऊन जायचा. इथे शेतकरी तिथेच राहतो, आणि माती बाहेर टाकायला भाडं मोजतो.